दुसऱ्यांदा दाबल्यावर लागणारा ब्रेक

टाइल चांगली की वाईट, हे ते वाजवून ठरवायचे. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवायचं, टाइलवर दोनदा टकटक करायची, मान तिरकी करून ऐकायचं आणि "पास" किंवा "बाद" एवढंच म्हणायचं. रास अल खैमातल्या ज्या सिरॅमिकच्या कारखान्यात आम्ही दोघं नोकरीला होतो, तिथे ते क्वालिटीचे प्रमुख होते, तेव्हा हे त्यांचं कामच होतं. तक्रार एवढीच, की कारखान्यातून बाहेर पडल्यावरही ते बोट गप्प बसत नसे. आमच्याकडे सत्यनारायणाला आले तेव्हा हात धुवायला आत गेले, आणि बाहेर येऊन प्रसाद हातात घ्यायच्या आधी म्हणाले, "तुमच्या बाथरूममध्ये चार टाइल्स पोकळ आहेत. मागचं सिमेंट सुटलंय."

घर भाड्याचं, टाइल्स घरमालकाच्या, आणि ऐकायला पंधरा पाहुणे. बायकोने मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "या माणसाला कोणी बोलावलं?"

मीच बोलावलं होतं. बोलवावं लागलं होतं, कारण मी रोज त्यांच्या गाडीतून कामावर जात होतो.

कारखान्यात त्यांना सगळे मागून "टकटक" म्हणत आणि तोंडावर "सर". मी दोन्ही म्हणायचो. मला त्यांचा मनापासून तिटकारा होता, आणि आजही कोणी ते थोर होते वगैरे सांगू लागलं तर मी मध्येच तोडीन. थोर माणसाबरोबर रोज दीड तास गाडीत बसून बघा. ते साठच्या वर गाडी नेत नसत. उम्म अल कुवैनहून रास अल खैमाला जायचा तो रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना वाळू आणि मधूनच एखादं खुरटं झाड; लोक तिथे एकशेवीसने उडत जातात. आमच्या मागे ट्रक हॉर्न मारत यायचे, बाजूने जाताना ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून जे काही म्हणायचे ते पश्तूमध्ये असल्यामुळे कळायचं नाही एवढंच. सर आरशात बघून म्हणायचे, "त्याला घाई आहे. मला नाही." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल!

मग मी त्यांच्याबरोबर का जायचो? कारण ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी तोपर्यंत तीनदा नापास झालो होतो आणि त्या रस्त्याला धड बस नव्हती. हे सांगताना मला आजही लाज वाटते, पण सांगायला हवं.

ती गाडी त्यांनी नवी कोरी घेतली, ज्या वर्षी मंदीत सगळं कोसळलं त्याच वर्षाच्या सुरुवातीला. पांढरी, साधी, चार दरवाज्यांची. कंपनीचं नाव सांगत नाही. पैसे एकरकमी भरले होते. कर्जाची गाडी बँकेची असते, असं त्यांचं मत होतं. शोरूममधून बाहेर काढल्यापासून दोन-तीन महिन्यांत, ऊन तापू लागताच, त्यांनी तिच्यात खोट शोधून काढली, तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही. मला वाटलं, या माणसाने नवी गाडीही वाजवून बघितली असणार.

पण खोट होती. उन्हात तीस-चाळीस किलोमीटर गाडी चालली, की ब्रेक पहिल्यांदा दाबल्यावर पेडल मऊ होऊन खाली जायचं. लोण्यात पाय घातल्यासारखं. पाय उचलून पुन्हा दाबला की मात्र ब्रेक कचकन लागायचा आणि मी पुढच्या डॅशबोर्डवर आपटायचो. सर शांतपणे म्हणायचे, "दुसऱ्यांदा दाबलं की लागतो." जणू काही हे गाडीचं एखादं खास वैशिष्ट्यच होतं.

लोक आरशाला गणपती लटकवतात. यांनी थर्मामीटर लटकवला. एक डायरी केली. तारीख, बाहेरचं तापमान, किती किलोमीटरनंतर, वेग किती, पेडल किती बोटं खाली गेलं. शुक्रवारी सुट्टी, तर सकाळी मला घरून उचलून उम्म अल कुवैनच्या औद्योगिक भागात नेत. तिथे बंद गोदामांमधल्या रिकाम्या रस्त्यावर ते गाडी चालवत येत, खडूच्या रेघेपाशी ब्रेक दाबत, आणि गाडी जिथे थांबेल तिथपर्यंत मी टेप धरून अंतर मोजायचं. मी, कारखान्याच्या डिस्पॅचचा असिस्टंट मॅनेजर, उकिडवा बसून डांबरावर! एका गोदामाचा रखवालदार दोन शुक्रवार हे बघत होता. तिसऱ्या शुक्रवारी न राहवून जवळ आला. "साहब, क्या गुम हुआ है? मैं भी ढूँढता हूँ."

एजन्सीत गाडी चारदा नेली. दर वेळी ते ती रात्रभर एसीत ठेवत, सकाळी गार गाडी एक चक्कर फिरवून आणत आणि कागदावर लिहून देत, "दोष आढळला नाही." चौथ्या वेळी मीही बरोबर होतो. सर्व्हिस मॅनेजर कडक इस्त्रीच्या शर्टातला, अत्तर लावलेला लेबनीज गृहस्थ होता आणि त्याला सरांचा आधीच वीट आलेला होता. सरांनी इंटरनेटवरून छापून आणलेले कागद त्याच्यापुढे ठेवले.

"अमेरिकेत याला लेमन लॉ म्हणतात," ते इंग्रजीत म्हणाले. "नव्या गाडीतला तोच दोष तुम्हाला पुन्हा पुन्हा दुरुस्त करता आला नाही, तर गाडी बदलून द्यायची. अशा गाडीला ते लेमन म्हणतात."

"लेमन?"

"लेमन."

"हबीबी, ही अमेरिका नाही."

"लेमन सगळीकडे लेमनच असतं," सर म्हणाले.

दारात उभ्या असलेल्या चहावाल्या चाचांनी एवढ्या वेळा लेमन ऐकलं, आणि दोन मिनिटांत आमच्यापुढे लिंबू पिळलेल्या सुलेमानीचे तीन ग्लास आणून ठेवले. मॅनेजर हसला. मीही हसलो. सर हसले नाहीत, त्यांनी चहा बाजूला सारून विचारलं, "यावर तुम्ही लेखी उत्तर केव्हा देणार?"

लोक सांगायचे, बाहेरच्या गॅरेजमध्ये ब्रेक बदलून घ्या, विषय संपवा. मीही सांगितलं. यावर त्यांचं उत्तर होतं, "बाहेरच्याने हात लावला की पुरावा गेला." पुरावा! बायको-मुलगी ज्या गाडीत बसतात, तिला हा माणूस पुरावा म्हणून जपत होता.

त्याचा शेवट व्हायचा तसा एकदा झाला. ऑगस्टमधली दुपार होती. शारजात कोणाकडे तरी जेवण होतं, तिथून आम्ही परत येत होतो. पुढे मी, मागे वहिनी आणि त्यांची दहावीतली मुलगी. उम्म अल कुवैनच्या राउंडअबाउटपाशी सरांनी ब्रेक दाबला आणि पेडल खाली गेलं. पुन्हा दाबला. पुन्हा खाली गेलं. डावीकडून एक पाण्याचा टँकर येत होता. त्याचं चाक सरांच्या खिडकीएवढं दिसलं. सरांनी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं, गाडी कट्ट्यावर चढली आणि खजुराच्या झाडापाशी वाळूत रुतून थांबली. टँकरवाला हॉर्न दाबून निघून गेला.

कोणाला खरचटलंही नाही. मुलगी रडत ओरडली, "बाबा, आय टोल्ड यू! आय टोल्ड यू!" वहिनी दार उघडून उतरल्या. झाडाला धरून उभ्या राहिल्या. आणि सर? सरांनी थर्मामीटर बघितला, डायरी उघडली आणि लिहायला घेतलं.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "मी आणि ही आजपासून या गाडीत बसणार नाही."

"बरोबर आहे," मान वर न करता ते म्हणाले.

त्या दोघी टॅक्सी करून घरी गेल्या. मी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्यांच्या बाजूला जाऊन बसलो. टॅक्सी रोज परवडणारी नव्हती, आणि परीक्षेत मी चौथ्यांदा नापास झालो होतो.

यानंतर त्यांनी ग्राहक तक्रार खात्यात अर्ज केला. तोवर दुबईतल्या क्रेन थांबायला लागल्या होत्या. ज्या टॉवरांसाठी आम्ही टाइल्स भाजत होतो ते अर्ध्यावर उभे होते, आणि माझ्या यार्डात पॅलेटवर पॅलेट चढून माल इतका साठला, की चालायला वाट उरली नाही. एक भट्टी बंद झाली. दर आठवड्याला कोणीतरी निरोप न घेता गायब व्हायचं. त्याची गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडल्याची बातमी यायची. अशा दिवसांत शहाणा माणूस मान खाली घालतो. त्यात ज्या एजन्सीविरुद्ध अर्ज केला, तिचे मालक आमच्या कारखान्यात भागीदार होते. हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. सरांनाही होतं. मी आठवण करून दिली तेव्हा म्हणाले, "मग त्यांना टाइल्सवरून कळेलच, की मी उगाच बाद करत नाही."

अर्जाचा परिणाम मात्र झाला. त्या अत्तरवाल्या मॅनेजरने त्यांना बोलावलं, आणि मी पुन्हा साक्षीला बाजूच्या खुर्चीत. या वेळी सूर वेगळा होता. "सर, मालक म्हणतात, खलास करा. ही गाडी इथे सोडा, अशीच नवी घेऊन जा. फक्त इथे सही करा."

कागदावर लिहिलं होतं, की गाडीच्या ब्रेकमध्ये दोष नव्हता, एजन्सी केवळ सद्भावनेने गाडी बदलून देत आहे आणि अर्ज मागे घेतला जात आहे.

माझ्या मनात आलं, सुटलो. सरांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "या जुन्या गाडीचं तुम्ही काय करणार?"

"विकणार. सेकंड हँड."

"कोणाला?"

"कोणालाही. सर, तुम्हाला काय करायचंय?"

"त्याला सांगणार का, दुसऱ्यांदा दाबावं लागतं म्हणून?"

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे. सरांनी पेन उघडून "ब्रेकमध्ये दोष नव्हता" यातला "नव्हता" खोडला, वर "होता" लिहिलं आणि कागद त्याच्याकडे सरकवला. "असं टाइप करून आणा. सही करतो."

नवी गाडी, फुकट, आणि या माणसाने एका शब्दासाठी घालवली. परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

तक्रार खात्यातला अधिकारी तरुण अमिराती होता. त्याने ती डायरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, असं सर मला मोठ्या कौतुकाने सांगत होते. पण एजन्सीचे चार कागद एका बाजूला आणि डायरी एका बाजूला, तिसऱ्या कोणाचं तरी म्हणणं हवं, असं तो म्हणाला. घरच्यांचं चालणार नव्हतं. गाडीत नियमित बसणारा दुसरा कोणी आहे का, असं त्याने विचारलं.

"मी तुमचं नाव दिलं," सर म्हणाले. "जे जाणवलं ते लिहा. माझ्या बाजूने लिहायची गरज नाही."

दुसऱ्याच दिवशी एच.आर.च्या मॅनेजरने मला बोलावलं. तो आपलाच, ठाण्याचा. दार लावून घेतलं आणि म्हणाला, "यादी करतोय. डिस्पॅचमधून दोघं जाणार. तुझा मुलगा आत्ताच केजीत घातलायस ना?"

"हो."

"मग टकटकच्या भानगडीत कशाला पडतोस? यल्ला, जा काम कर."

एवढंच. धमकी म्हणावी असं एक अक्षर नव्हतं त्यात.

मी लिहून दिलं, की मी या गाडीतून नियमित प्रवास करतो आणि मला ब्रेकमध्ये काही वेगळं जाणवलेलं नाही. चार ओळी. सही केली, लेबर कार्डाची प्रत जोडली. लिहिताना मी स्वतःची समजूत काढली, की ज्याने नवी गाडी लाथाडली त्याच्यासाठी मी नोकरी का घालवू? समजूत चांगली पटली. लगेच पटली.

अर्ज निकालात निघाला. यादी लागली, तिच्यात डिस्पॅचमधले दुसरे दोघं होते, आणि क्वालिटीतून सर. त्यांना महिन्याची नोटीस मिळाली.

मला वाटलं, आता लिफ्ट बंद. दुसऱ्या दिवशी बरोबर पावणेसातला खाली हॉर्न वाजला. मी जाऊन बसलो. ते काही बोलले नाहीत; म्हणजे बोलले, सगळं नेहमीचंच बोलले, त्या चार ओळींबद्दल सोडून. महिनाभर त्यांनी मला नेलं आणि आणलं. शिव्या घातल्या असत्या तर मी उलट चार घातल्या असत्या. तीही सोय त्यांनी ठेवली नाही.

परत जायच्या आधी गाडी विकायची होती. बाजार पडला होता तरी गिऱ्हाईकं येत होती, कारण गाडी नवी होती. प्रत्येक गिऱ्हाइकाला हे गाडीत बसवून, भर दुपारी चाळीस किलोमीटर फिरवून ब्रेक दाबून दाखवत. वर डायरी वाचायला देत. एक गिऱ्हाईक मी आणलं होतं, आमच्याच कॅन्टीनचा ठेकेदार. त्याने उतरल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, "इनको बेचना है या नहीं बेचना है?"

शेवटी त्यांनी गाडी शारजातल्या भंगारवाल्याकडे नेली. मी बरोबर गेलो. का गेलो ते विचारू नका. भंगारवाल्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "इतनी नई? ब्रेक ही खराब है ना? ब्रेक तो बदल जाता है, साहब."

"एजन्सी बोलती है, खराब नहीं है," सर म्हणाले. "जो खराब नहीं है, उसको कैसे बदलेगा?"

माणसाने हात जोडले. तिथल्या तिथे इंजिन बाहेर निघेपर्यंत आणि सांगाडा कापला जाईपर्यंत सर उन्हात उभे राहिले. गाडीचं नोंदणीपुस्तक, म्हणजे मुल्किया, त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन रद्द करून आणलं. त्या गाडीत आता कोणी बसणार नाही, याची खात्री झाल्यावरच तिकीट काढलं. मला वाटलं, वेडेपणालाही काही हद्द असते. पुढच्या आठवड्यात ते मिरजेला गेले. विमानतळावर सोडायला मी गेलो नाही. माझ्याकडे गाडी नव्हती, हे कारण त्या दिवशी फार उपयोगी पडलं.

नंतर दोनेक वर्षं गेली. मी सहाव्या खेपेला परीक्षा पास झालो, गाडी घेतली. एकदा ऑफिसात दुपारी जेवून बसलो होतो, तर भारतातल्या नंबरवरून फोन आला. कसे आहात, मुलगा काय म्हणतो, असलं काही नाही.

"नोटीस वाचलीत?" सर म्हणाले.

त्या गाडीच्या कंपनीने वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली होती, की त्या मॉडेलच्या काही गाड्यांमध्ये ब्रेकचा एक भाग उष्णतेने निकामी होतो, तरी गाड्या घेऊन याव्यात, तो भाग मोफत बदलून मिळेल. सर मिरजेत बसून इंटरनेटवर रोज दुबईचे पेपर वाचत होते.

"म्हणजे तुमचंच बरोबर होतं, सर," मी म्हणालो. आता ऐकवतील, असं वाटलं, आणि ऐकवलं तर बरं, असंही वाटलं.

"तसं म्हणता येत नाही," ते म्हणाले. "चॅसी नंबरची यादी दिली आहे. माझा नंबर तिच्यात नाही. माझी गाडी त्यांच्या पहिल्या नंबरच्या साधारण दोन महिने आधीची आहे."

"यादी चुकली असेल."

"असेल. पण माझी नोंदही चुकली असेल. ते तपासायला फोन केला." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "एजन्सीने चारदा लिहिलं, दोष नाही. ते खोटं बोलतात असं मी धरून चाललो, कारण त्यांचा फायदा होता. पण तुम्ही पण लिहिलंत, की काही जाणवलं नाही. तुमचा त्यात काय फायदा? तेव्हापासून मी विचार करतोय. त्या राउंडअबाउटला कदाचित माझाच वेग जास्त होता. किंवा पाय नीट पडला नसेल. हिलाही मी तसं सांगितलं, की बहुधा माझीच चूक होती."

माझा काय फायदा होता, हे या माणसाला दोन वर्षांत सुचलं नव्हतं. अख्ख्या कारखान्यात हे न सुचणारा तो एकटाच निघाला. मूर्खपणाचा कळस, दुसरं काय! मला त्यांचा इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं.

"तेव्हा नीट आठवून सांगा," ते म्हणाले. "तुम्हाला खरंच जाणवलं नव्हतं?"

"जाणवलं होतं, सर."

पलीकडे पेनचं टोपण काढल्याचा आवाज आला.

"किती वेळा?"

"रोज," मी म्हणालो. "रोज जाणवायचं."

"रोज नव्हे," सर म्हणाले. "थंडीत होत नसे. नीट सांगा."